डेलमरची जागा

"बाहेर ये आधी तिथून! ये म्हणते ना!"

व्हर्लीन एवढ्या जोरात ओरडली, की रांगेतली माणसं स्टुडिओत डोकावली. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या लाकडी शवपेटीत तिचा नवरा डेलमर उभा होता. अंगात काळा कोट, छातीवर हातांची घडी, डोळे मिटलेले.

"अगं, दरवर्षी इथेच तर असतो मी," एक डोळा उघडून तो म्हणाला.

खोटं नव्हतं. दर जुलैत गॅटलिनबर्ग या डोंगरातल्या गावी सुट्टीला यायचं आणि पणजोबांच्या काळातले कपडे चढवून तपकिरी फोटो काढायचा, हा प्रुइट घराण्याचा नेमच होता. फोटोत व्हर्लीन दारूच्या गुत्त्याची मालकीण, लेक रोंडा दरोडेखोर, जावई क्लिंट शेरीफ. डेलमर मात्र पहिल्या वर्षापासून मेलेला. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करताना धूर तोंडावर आला तरी त्याची पापणी लवायची नाही, पण कॅमेऱ्याचा दिवा लखलखला की डोळे मिटलेच. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो झोपेत लग्न करताना दिसतो. शेवटी कंटाळून व्हर्लीननेच त्याला पेटीत उभं केलं होतं, "इथे तरी शोभून दिसशील!" म्हणून. घरी भिंतीवरचे फोटो पाहून कुणी विचारलं, "हे कधी गेले?" तर डेलमरच सांगायचा, "दर जुलैत जातो."

पण या मार्चमध्ये तो गॅरेजमध्ये कोसळला. छाती उघडून ऑपरेशन झालं. इस्पितळात व्हर्लीन नर्सशी भांडली, डॉक्टरांशी भांडली, कॉफीच्या यंत्राशीसुद्धा भांडली. रडली मात्र नाही.

"डॅडी, या वेळी तू हो ना शेरीफ," रोंडा घाईघाईने म्हणाली.

"हो, हो! ती टोपी तशी मला घट्टच होते," म्हणत क्लिंटने छातीवरचा शेरीफचा तारा काढून सासऱ्याला लावला.

फोटो काढणारी ट्वायला नवीन होती. "मग पेटीत कोण? रिकामी वाईट दिसते हो."

"पेटी हलवा."

"जड आहे, बाई."

"मग मीच हलवते," म्हणून व्हर्लीनने डोक्यावरच्या पिसांसकट पेटीला मिठी मारली आणि ती ओढायला लागली. क्लिंट धावला. दोघांनी मिळून पेटी पडद्यामागे ढकलली. तिथे कपडे बदलत असलेला एक गृहस्थ किंचाळला.

डेलमर खुर्चीत बसला. दिवा लखलखला. डोळे मिटले. पुन्हा लखलखला. पुन्हा मिटले.

"शेरीफच पेंगतोय! दरोडे पडतील नाही तर काय!" क्लिंट म्हणाला.

"म्हणून म्हणतो, माझी पेटीच बरी. तिथे माझं काम चोख होतं," डेलमर म्हणाला.

सगळे हसले. व्हर्लीन सोडून.

"अगं, नाटक आहे ते," तो हळूच म्हणाला.

"कळतं मला. मार्चमध्ये तू त्या पेटीतल्यासारखाच दिसत होतास. हुबेहूब. हातसुद्धा तसेच छातीवर ठेवले होते तुझे."

डेलमरने टोपी सारखी केली. मग ट्वायलाला म्हणाला, "काढा हो पुढचा."

पुढच्यातही डोळे मिटलेच. त्याच्या पुढच्या फोटोत मात्र त्याने इतका जोर लावला, की डोळे बटाट्याएवढे झाले.

संगणकाच्या पडद्यावर चारही फोटो आले. "हा घेऊ या. डोळे उघडे आहेत," रोंडा म्हणाली.

"भूत पाहिल्यासारखा दिसतोय तो. त्याच्या आधीचा घ्या," व्हर्लीन म्हणाली.

"मम्मी, त्यात झोपलाय डॅडी!"

"झोपू दे."

ट्वायलाने तो फोटो मोठा केला. "बाई, मी तुमच्या हातात पिस्तूल दिलं होतं ना?"

पिस्तूल खाली जमिनीवर पडलेलं होतं. शेरीफच्या मागे गुत्त्याची मालकीण ताठ उभी होती, कॅमेऱ्याकडे रोखून पाहत. तिच्या हाताची दोन बोटं त्याच्या कॉलरच्या आत, मानेवरच्या नाडीवर टेकलेली होती.

"हाच द्या," रोंडा म्हणाली.