मी खुडूक बसलेय

हळू बोलते हं. पोटाखाली पाच अंडी आहेत आणि आज एकविसावा दिवस. मी या घरची तांबडी कोंबडी. अंडी घालणं सोडून उबवायला बसले, म्हणून आता सगळ्यांच्या तोंडी माझं नाव एकच, खुडूक.

पूर्वी मी अशी नव्हते. अंडं घालायचं, ओरडून गाव गोळा करायचं आणि विसरून जायचं. ते कोण खातंय याचं मला सोयरसुतक नसायचं.

मग एका सकाळी टोपलीतून उठवेना. छातीखालची पिसं गळाली, कातडी कढत झाली. दाण्याची चव गेली. दुधावर साय धरावी तसं डोक्यात काहीतरी मऊ, जड साचत गेलं. अंडी उचलून नेली, तर मी बटाट्यावर बसले.

सासूबाईंनी बादली भरली. "थंड पाण्यात चार वेळा बुडवते. येते की नाही बघ ताळ्यावर."

"अहो आई, नको," सून म्हणाली. तिच्या खांद्यावर दीड महिन्याचं बाळ. ते झोपलं की ती सारखी त्याच्या नाकाशी बोट धरते, श्वास चाललाय ना बघायला. मी अंडी चोचीने फिरवते ना, तसंच.

"घरात दोन-दोन खुडूक," सासूबाई म्हणाल्या.

शेजारच्या गोठ्यात गुरांचे डॉक्टर आले होते. सुनेने त्यांना गाठलं. "हिला वेड लागलंय का हो?"

"वेड कसलं? अंगातले हार्मोन बदलले की मेंदूही बदलतो. भूक मागे पडते, पिल्लं पुढे येतात."

सुनेने खांद्यावरचं बाळ सावरलं. "मला सारखी बाळाची भीती वाटते. तेही त्यातलंच?"

"मी गुरांचा डॉक्टर, वहिनी," ते हसले. "पण बाळंतिणीचंही असं होतं. फारच वाटलं तर माणसांच्या डॉक्टरांना दाखवा, लाजू नका."

शेवटी सासूबाईंनी माझ्याखाली पाच अंडी ठेवली. "एकवीस दिवस. नाही निघाली पिल्लं, तर बादली आहेच."

ते दिवस स्वप्नासारखे गेले. भिंतीवरून ऊन सरकायचं, बाळ रडलं की माझी पिसं आपोआप फुलायची.

आज सकाळी आतून टकटक झाली. सुनेने कान लावला. "आई, बोलतंय हो आतून."

सासूबाई आल्या. बादलीतलं पाणी झाडाला घातलं, ती पालथी केली आणि माझ्यासमोर तिच्यावरच बसल्या. दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत.

"आता घरात तीन खुडूक झाल्या," सून म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

एवढंच मागते. माझ्यासारखी कुणी बसलेली दिसली, तर पाणी जरूर आणा. पण वाटीत.