तेहतीस मीटरांची साखर

मी व्यवसायाने शिंपी असून गतवर्षी डॉक्टरांनी माझ्या चहातील साखर बंद केली. तथापि रोज दोन किलोमीटर धावल्यास एका चमच्याची सूट त्यांनी दिली. त्यानुसार मी गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊन परत येई आणि फोनमधील ॲप दोन किलोमीटर पूर्ण झाल्याची ग्वाही देई. परंतु साखरेचा डबा सौभाग्यवतींच्या ताब्यात होता.

"अहो, भात शिजायच्या आत परत येता तुम्ही. दोन किलोमीटर कसले?"

"फोन खोटं बोलेल काय?"

"मापं घेण्यात जन्म गेला ना तुमचा? मग मोजून दाखवा."

रविवारी आम्ही उभयतांनी माझ्या शिवणाच्या टेपेने गल्ली मोजली. साठ इंचांची टेप सहाशे छप्पन वेळा अंथरताना माझी कंबर धरली, पण जाऊन-येऊन बरोबर दोन किलोमीटर भरले. दोन्ही साक्षीदारांचे एकमत झाल्याने मी विजयी मुद्रेने कप पुढे केला.

तिने टेपेचे टोक माझ्या नाकासमोर धरले. "हिचा झिजलेला पहिला इंच कुणी कापला?"

मीच कापला होता. गिऱ्हाइकाच्या मापातून तो इंच मी सवयीने वजा करतो, रस्त्याच्या मापातून करायचा राहिला. एकूण तेहतीस मीटर कमी निघाले.

तेव्हापासून धावून आल्यावर मी कापड बेतण्याच्या टेबलाभोवती सहा फेऱ्या मारतो. मी जागचा हललोच नाही, असे फोनचे मत पडते. म्हणून फेऱ्या ती मोजते. ती "सहा" म्हणेपर्यंत माझ्या सात होतात, परंतु चमचा तिच्या हातात असल्याने हे माप मी बिनतक्रार मान्य केले आहे.