सगळ्यांनी दाबलेली टाकी

बारामतीत आमचं मशीनदुरुस्तीचं ऑफिस हाय. गिऱ्हाईक मोबाईलवरनं तक्रार टाकतं, मी मेकॅनिक धाडते. पंखा, एसी, वायरिंग हे तक्रारीचे प्रकार सगळ्यांना मोबाईलवर दिसतात. ‘दुधाची टाकी तापली’ हा मात्र फक्त कऱ्हाटीच्या दूध केंद्राला दिसायचा; दूध गार ठेवायची टाकी त्यांच्याकडंच. तो दाबला की आमच्या मेकॅनिक जोतीरामतात्यांनी हातातलं काम टाकून पळायचं. टाकीचं काम जाणणारे ते एकटेच.

मग आला ऋषिराज, नवा मॅनेजर. म्हणतो, “एका गिऱ्हाइकासाठी वेगळा प्रकार कशाला? सगळ्यांना एकच यादी दाखवू.”

“अरे बाबा, त्याला हात लावू नको!”

“राजेश्वरीताई, सिस्टीम सुटसुटीत पाहिजे.”

डोंबलाची सुटसुटीत! केलंच त्यानं. लोणी देवकरच्या कारखान्यातल्या सायबांना लगेच कळलं, टाकी दाबली की माणूस पळत येतो. मग काय! एसी गळतोय, दाब टाकी. पाणी गार येईना, दाब टाकी. मी रोज ऋषिराजच्या नावानं बोंबलत होते. तो म्हणायचा, “लोकांना सवय होईल.”

परवा सांजच्याला कऱ्हाटीची टाकी खरंच बंद पडली. केंद्र चालवणाऱ्या साखरबाईंनी तक्रार टाकली, ती बसली रांगेत सगळ्यांच्या मागं. तात्या तवा लोणी देवकरला, एका सायबाच्या केबिनीत पाण्याचा कूलर उघडून बसलेले. मी फोन करून त्यांना तसंच पळवलं. पण कुठं लोणी देवकर आणि कुठं कऱ्हाटी! पोचस्तोवर गावाचं सगळं दूध नासलं.

माझं डोकंच फिरलं. ऋषिराज म्हणाला, “दिलगिरीचा मेसेज टाका.”

“मेसेज? चल, गाडीत बस!”

केंद्रावर बायका रिकाम्या किटल्या घेऊन उभ्या होत्या. कुणी शिवी दिली न्हाय. दिली असती तर बरं झालं असतं. साखरबाईंनी त्याला विचारलं, “साहेब, आमची टाकी सगळ्यांना का वाटली?”

“ते सिस्टीम सुटसुटीत...” एवढंच तो पुटपुटला. मीबी मदत केली न्हाय.

साखरबाईंनी त्याच्या हातात बादली दिली. “मग वता आता तुमीच. माझ्यानं न्हाय वतवत.”

त्यानं पहिली बादली गटारात वतली. वास उठला तसा तो थांबून माझ्याकडं बघाय लागला.

“माझ्याकडं काय बघतोस? टाकी भरलेली हाय अजून,” मी म्हणाले.