कोरियाले जोडी लागत नाई

माह्या लग्नाची एवढी घाई काहून केली, ते ऐकान तं हसान. माहा होणारा नवरा, बादल, कोरियाले जाऊन राह्यला होता म्हणून. आमच्या तांड्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या ऊस तोडाले जातात, अन् मुकादम एकट्या माणसाले उभा करत नाई. त्याले नवरा-बायको लागतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, दोघं मिळून एक कोयता. माह्या सासूनं, रामीबाईनं, तेच डोकं चालवलं. कोरियाचा मुकादम तरी एकट्याले कायले घेईन? बादलचे कागद आले न आले तं मले हळद लावली.

मालेगावचा एजंट आमाले दोघाले पाहून कपाळाले हात लावून बसला. तिकडे भाषा शिकायच्या नावानं घेतात, बायको चालत नाई, म्हणे. रामीबाई त्याच्यासंग भांडली. पोरगी कामाची हाय, तिचं काम तं पाहा एकडाव, म्हणे. बाजारात शेळी उभी करतात, तशी मी उभी. शेवटी बादल एकटाच गेला. जाताना म्हणला, वर्षभरात तुले नेतो. अन् मी येडी, खरं मानलं.

पहिले रोज फोन ये. तो सांगे, एका काळात कोरियातलेच लोक पोट भराले अमेरिकेत जात. मंग तिकडे पैसा आला, त्यायचे पोरं शहरात गेले, खेड्यात म्हातारे उरले. आता त्यायच्या शेतात नेपाळचे, कंबोडियाचे, व्हिएतनामचे पोरं राबतात. व्हिएतनामच्या पोरी तं तिथच्या शेतकऱ्यायशी लग्न करून नांदून राह्यल्या. माय वं, परक्या पोरी नांदतात, मंग लग्नाच्या बायकोले काहून येऊ देत नाई? मी विचारलं बी. कायदा वेगळा हाय, तुले नाई समजत, म्हणे.

मंग त्यानं ते भाषेची शाळा सोडली अन् प्लास्टिकच्या मांडवात स्ट्रॉबेरी तोडाले लागला. व्हिसा संपला. तवापासून तो लपून राह्यते, पोलिसाची गाडी दिसली का दुसऱ्या गावाले पळते. फोन कमी झाला, पैसा तं थांबलाच.

यंदा दसरा झाला अन् मुकादम गोविंदसिंग तांड्यावर आला. सासू-सासऱ्याचा एक कोयता धरला. राह्यले आमी दोन अर्धे. एक मी, अन् एक माहा दीर नवीन, त्याचं लग्न नाई झालेलं. गोविंदसिंग म्हणला, या दोघायचा एक धरतो. बाया एकमेकीकडे पाहाले लागल्या. मी म्हटलं, माह्या नवऱ्याले विचारतो, अन् सगळ्यायसमोर फोन लावला. हे ऐकून तरी त्याचा जीव खवळन, तो म्हणन थांब, मी येतो, असं मले वाटलं होतं.

त्यानं सगळं शांत ऐकून घेतलं.

“वापस या,” मी म्हटलं. “दोघं मिळून तोडू. जगतात ना लोक.”

“पुन्हा तोच कोयता धराले येऊ? इथं मरीन, पण आता ऊस नाई तोडणार, निता.”

“मंग मी काहून तोडायचा?”

तो म्हणला, “नवीन हाय ना. लाव त्याच्यासंग जोडी. माही वाट नको पाहू.”

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यायनं ऐकलं. नवीननं मान खाली घातली. तो बिचारा गरीब हाय, त्याच्यावर माहा राग नाई. राग हाय तो त्या तिथच्यावर, ज्यानं जिता राहून मले भावाले देऊन टाकलं, जुनं भांडं द्यावं तसं. रामीबाई रडाले लागली. मी तिले उगी राहा बी म्हटलं नाई.

ट्रक निघाला तं मालेगावपर्यंत मी रडलो, मंग थकलो. कारखान्यावर पोचून आमी राहाले पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. बाजूच्या कोपीत बीडकडची एक बाई भाकरी थापत होती. तिनं नवीनकडे पाहून विचारलं, “हे तुमचे मालक का?”

अशा जागी बिननवऱ्याच्या बाईकडे कोण कसं पाह्यते, मले ठाऊक हाय. मी हो म्हटलं.