प्रमोदच्या आईला म्युझियम दाखवलं

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात आमच्या ऑकलंडच्या मंडळाची सहल मनुरेवाजवळच्या एका चिनी म्युझियमला गेली. अफूच्या युद्धाचं म्युझियम. बाकीच्यांचं लक्ष नंतरच्या चिनी जेवणावर होतं, माझं प्रमोदवर.

हा प्रमोद आमचा मोठा देणगीदार. गणपतीचा मंडपसुद्धा ह्याच्याच पैशातला. ह्याची डेअरी आहे, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि तिथे दूध-ब्रेडच्या शेजारी पार्टी पिल्स, म्हणजे नशेच्या गोळ्या, टांगलेल्या असतात. माझा क्षितिज त्याआधीच्या नोव्हेंबरात परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या खाऊन झटके येऊन कोसळला. एकोणीस वर्षांचं पोर माझं! इंजिनिअरिंग सुटलं, हात थरथरतात, शर्टाची बटणं मी लावून देते. भांडायला गेले तर मेला म्हणतो कसा, "वहिनी, सरकारची परवानगी आहे. मी काय जबरदस्तीनं खायला घातल्या?" वर स्वतःच्या आईला सांगून ठेवलं, क्षितिजला मेंदूज्वर झाला म्हणून.

तेव्हाच ठरवलं, ह्याला आईच्या नजरेतून उतरवायचंच. आशालताकाकू साताऱ्याहून सहा-सहा महिने येऊन राहतात, लेकाचं कौतुक सांगून सांगून आपल्याला दमवतात. इंग्रजी वाचता येत नाही. म्हटलं, चला काकू, मी वाचून दाखवते.

प्रमोद कॅमेरा घेऊन दाराशी गुंतला होता. मी काकूंचा हात धरून एकेक पाटी मराठीत सांगत निघाले. लाकडी पेट्या, तराजू, अफू ओढायच्या नळ्या. "ही अफू आपल्या माळव्यातून मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे यायची, तिथून जहाजानं चीनला. चीनच्या बादशहानं बंदी आणली तर इंग्रजांनी तोफा डागल्या."

"आणि मुंबईचे व्यापारी?"

"त्यांनी बंगले बांधले. दवाखाने, धर्मशाळा. मोठमोठ्या देणग्या दिल्या."

शेवटी एका पोराचा फोटो होता, नुसता हाडांचा सापळा, चटईवर पडलेला. काकू तिथेच थांबल्या. "ह्याची आई असेल ना गं कुठेतरी? तिचा तळतळाट लागल्याशिवाय राहतोय होय?"

"तुमच्या प्रमोदला लागणार आहे, काकू. माझा."

मग काहीएक राखून ठेवलं नाही. मेंदूज्वर खोटा, दुकानातल्या गोळ्या खऱ्या, सगळं सांगून टाकलं. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता, आणि तो पडला.

"कुठल्या गोळ्या? चंदेरी पाकिटातल्या? विजेचं चित्र असलेल्या?"

"त्याच."

"अगं, त्या ताकदीच्या आहेत! प्रमोदच म्हणाला मला, व्हिटॅमिन आहे म्हणून."

"व्हिटॅमिन कसलं डोंबलाचं! विष आहे ते."

काकू बाकावर बसल्या. "मीच दिल्या गं क्षितिजला," त्या म्हणाल्या. "प्रमोद बँकेत गेला होता, दुकानात मी होते. काकू, रात्रभर अभ्यास करायचाय, म्हणाला. एकच पाकीट मागत होता. मी दोन दिली. म्हटलं, आपलाच मुलगा तू, पैसे नको देऊस."

मी गळा धरायला गेले लेकाचा आणि हाती लागली म्हातारी.

तेवढ्यात प्रमोद हसत आला. "आई, चल, ग्रुप फोटो!" त्यानं तिला उठवायला दंड धरला. काकूंनी तो असा हिसडला की शेजारची माणसं वळून बघायला लागली. "हात लावू नकोस मला!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हातातला कॅमेरा तसाच खाली घेतला. काय गार वाटलं मला म्हणून सांगू!

पण काकू त्याच्याकडे बघतच नव्हत्या. "नीता, मला माहीत नव्हतं गं," म्हणाल्या. खरंच माहीत नव्हतं त्यांना, हे मला कळत होतं. तुमची काय चूक, काकू, एवढं माझ्या तोंडून ऐकायला त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी ते म्हटलं नाही. तशाच त्यांना लेकाबरोबर घरी जाऊ दिलं.