माझ्या लॉकला कोण बोलावतंय?

आधीच सांगते, मी भांडखोर नाही. पण माझ्या लॉकला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, आणि त्या दिवशी सकाळी दहा वाजता हेडमास्तरांनी ती भर मीटिंगमध्ये ठेवली.

हेडमास्तर म्हणजे आमचे साहेब. प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत हातात मार्कर धरून चष्म्यावरून बघत राहतात, म्हणून हे नाव. आमचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातलं, कर्नलचं. तिथे सगळीच कामं एकदम आत घुसली तर गोंधळ उडतो. म्हणून एकाला आत सोडायचं आणि बाकीच्यांना दारात थांबवायचं, हे काम करतं ते लॉक. ते माझं. तीन वर्षं घासूनपुसून चकचकीत केलेलं.

साहेबांनी मीटिंगच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लावून घेतला होता. मशीनचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या त्यावर दिवसभर नाचत असायच्या. येईल त्या पाहुण्याला साहेब तो दाखवणार म्हणजे दाखवणारच! आणि त्यावर सगळ्यात जाड पट्टी कुणाची? माझी. मशीनचा चाळीस टक्के वेळ एकट्या माझ्या लॉकमध्ये.

"चार वाजेपर्यंत कारण सापडलं तर ठीक," साहेब म्हणाले. "नाहीतर नव्या आवृत्तीत तुमचं लॉक जाणार नाही. जुनंच बसवू."

तीन वर्षं, आणि चार वाजता खेळ खलास! मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्या ताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. हो हो, घरीही त्याच, ऑफिसातही त्याच. नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनमधून माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम, त्यांनी लिहिलेला. नऊ वर्षं आम्ही घरी एका ओट्यावरून कुरबुरतो आणि इथे एका मशीनवरून. फ्रिजमध्येसुद्धा वरचे दोन कप्पे त्यांचे, खालचे दोन माझे.

आता मला सांगा, लॉक काय स्वतःहून कामाला लागतं? कुणीतरी बोलावतं तेव्हा ते येतं. मग सेकंदाला हजारो वेळा त्याला बोलावतंय कोण? हे शोधायची रीत तशी साधी आहे. एका फंक्शनने, म्हणजे कोडच्या एका तुकड्याने, दुसऱ्याला काम सांगितलं की 'झालं की इथे परत ये' अशी चिठ्ठी स्टॅकवर, म्हणजे चिठ्ठ्यांच्या चळतीवर, पडते. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं की तिच्यावर आणखी एक. वेळेचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम, प्रोफायलर, मध्येच मशीनला थांबवून त्या क्षणाचा नमुना घेतो आणि वरून एकेक चिठ्ठी वाचत पार तळापर्यंत जातो, जिथून काम निघालं तिथे. आमचा दिवटा मात्र माझ्या लॉकपर्यंत यायचा आणि पुढे 'अज्ञात' लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे बोलावणारा गुलदस्त्यात, आणि मार मी खायचा!

दुपारपर्यंत मी प्रोफायलर लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या, आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला घातल्या, कॉफीच्या मशीनलाही दोन घातल्या. साडेबाराला सापडलं. लॉकच्या अगदी दारातच अकरा ओळी होत्या, हाताने लिहिलेल्या असेंब्लीच्या, म्हणजे कंपायलरला वळसा घालून थेट मशीनच्या बोलीतल्या. बाकीच्या कोडसाठी कंपायलर आपणहून तक्ता बनवतो, कोणत्या ओळीवर असताना चिठ्ठी किती खोल आहे त्याचा. हाताने लिहिलं की तो तक्ताही हातानेच भरावा लागतो. इथे तो कुणी भरलाच नव्हता. बिचारा प्रोफायलर तिथे येऊन हात टेकत होता.

"कोण हा शहाणा?" मी ओरडले आणि ओळी कुणाच्या ते पाहिलं.

माझ्याच होत्या. वर टीपही माझीच: 'अकराच तर ओळी आहेत, तक्ता नंतर भरू.' मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. गुपचूप तक्ता भरला आणि मशीनच्या वेगाची चाचणी पुन्हा चालवली.

आणि साखळी उलगडली! सगळ्यात वर माझं लॉक, आणि त्याच्या लगेच खाली ताईंचा ड्रायव्हर. अगं बाई! मी खुर्चीतून उठून चक्क गिरकी घेतली. माहितीच्या एकेका पॅकेटमागे, एवढ्याशा पुडक्यामागे, दरवेळी लॉक मागतात काय? थांबा म्हणावं. कागद छापला आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या नावाखाली लाल शाईने दोनदा रेघ ओढली. चार वाजेपर्यंत मी आनंदाने नुसती तरंगत होते.

चार वाजता मी कागद फडकावत उभी राहिले.

"जरा थांबा," साहेब म्हणाले. "आधी दुपारी आलेला मेल वाचतो. तुमच्या ताईंचा आहे. 'लॉक काढू नका. दोष कदाचित माझ्या ड्रायव्हरचा असेल. हवं तर नव्या आवृत्तीतून तो वगळा, पण तिची तीन वर्षं वाया घालवू नका.'"

मी मटकन बसले आणि कागद मांडीखाली सरकवायला लागले, पण ताईंनी तो हळूच काढून घेतला. लाल रेघा पाहिल्या. आणि पुढे वाचत राहिल्या.

"अगं, माझ्या नावाखाली अजून चार नावं आहेत. वाचलीस का?"

"नाही," मी म्हणाले. मान वर होईना.

त्या बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. पॅकेट पाठवा. पॅकेट तयार करा. नमुना गुंडाळा. आणि शेवटचं, तळातलं, मूळ काम सांगणारं: भिंतीवरच्या स्क्रीनला नमुना पाठवा.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. पट्ट्या मजेत नाचत होत्या. म्हणजे प्रोफायलर एक नमुना घ्यायचा आणि तो साहेबांच्या स्क्रीनला लगेच पोचवायचा, एकेक, सुटासुटा. प्रत्येक नमुन्यामागे ताईंचा ड्रायव्हर धावायचा आणि त्याच्यामागे माझं लॉक! साहेबांचं कौतुकच मशीनचा जीव खात होतं.

साहेब उठले. मार्कर खिशात ठेवला, शांतपणे भिंतीपाशी गेले आणि स्क्रीनचा प्लग खेचला, तसं नमुने पाठवणंही बंद पडलं. ताईंनी फोनवर घड्याळ लावलं, मी चाचणी सुरू केली. सकाळपर्यंत पन्नास सेकंद घेणारी चाचणी तिसाव्या सेकंदाला संपली. खोलीत एकच गलका झाला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते असे हसायला लागले की मलाही आवरेना.

"लॉक राहील," ते म्हणाले. "ड्रायव्हरही राहील. स्क्रीनचं बघू."

मी ताईंना जिन्यात गाठलं. "ताई, तुमचं नाव दिसलं आणि मी तिथेच थांबले. पुढे वाचलंच नाही. लाज वाटते मला."

ताई कठड्याला टेकल्या. "साहेबांकडे तुझ्या लॉकचा रिपोर्ट कुणी नेला, माहीत आहे? मी नेला. सोमवारी तुझं नाव वर दिसलं आणि मीही तिथेच थांबले. खरं सांगू? बरं वाटलं मला."

"मला तर किती बरं वाटलं!" माझ्या तोंडून गेलं. ताई फिस्सकन हसल्या, मग मी, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. हसता हसता ताईंचा आवाज बारीक झाला.

"आज तो मेल पाठवताना बटणावरून हात तीनदा मागे घेतला गं मी."

मी तो हात धरला. नऊ वर्षं एका घरात राहून पहिल्यांदाच धरला.