चोपन्न नंबरचा बारीक धागा

माझ्या थोरल्या जाऊबाई कुणाचं ऐकत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलंय. भाऊजींनी तर लग्नानंतर आठवड्याभरातच मान्य केलं, असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे ताईंचा उजवा खांदा दुखतोय हे मला त्यांच्या तोंडून कळलं नाही, वासावरून कळलं. छपाईच्या खोलीत शाईचा वास असतो, स्क्रीन धुवायच्या औषधाचा असतो. त्यात मलमाचा वास मिसळायला लागला. मी विचारलं तर म्हणाल्या, नवीन थिनर आणलाय. बावीस वर्षं मी थिनर हुंगतेय. पुदिन्याच्या वासाचा अजून निघायचा आहे.

आम्ही दोघी टी-शर्ट छापतो. घरामागच्या दोन खोल्या आमच्या. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी स्क्रीन बनवते. चौकटीवर जाळी ताणायची, चिकटवायची, वर उजेडात घट्ट होणारं इमल्शन लावायचं आणि दिव्याखाली धरून त्यावर डिझाइन उठवायचं. पुढच्या खोलीत ताई छापतात. टी-शर्टवर चौकट टेकवायची आणि रबरी पात्याचा स्क्वीजी दाबून शाई ओढायची, की ती जाळीच्या भोकांतून कापडावर उतरते. ऐकायला सोपं वाटतं. पण काळ्या कापडावर पांढरी शाई चढवायची म्हणजे अंगात बळ लागतं. दोनदा ओढा, हीटरखाली सुकवा, पुन्हा दोनदा ओढा. एका टी-शर्टला चार हात, आणि चारही कमरेपासून जोर लावून.

पोहण्याच्या क्लबाचं काम आलं ते नेमकं तसलंच. दोनशे चाळीस टी-शर्ट, सगळे काळे, छातीवर पांढरी अक्षरं. मी मनातल्या मनात चारने गुणलं आणि समोर पाहिलं, तर ताई चहाचा कप डाव्या हाताने उचलत होत्या.

मी छापते म्हटलं, तर म्हणाल्या, तू छापशील आणि मी काय करू, टाळ्या वाजवू? डॉक्टरचं नाव काढलं तर उठून शाई ढवळायला गेल्या. घरात कुणी पाहुणा आला की ताई त्याला चहाआधी छपाईची खोली दाखवतात. त्यांच्या स्क्वीजीच्या लाकडी मुठीला अंगठ्याएवढा खळगा पडलाय, तोही दाखवतात. ते काम त्यांच्या हातून गेलं तर त्या कशा राहतील, हा विचार मला करवत नव्हता. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

म्हणून मी जाळीवाल्याला फोन केला. पाचेक वर्षांपूर्वी तो बारीक धाग्याची जाळी घेऊन आला होता. ताईंनी ती उजेडात धरली, ही मच्छरदाणी घरी वापरू म्हणाल्या आणि त्याला वाटेला लावला. पण त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. धागा बारीक असला की तितक्याच धाग्यांत भोकं मोठी होतात, शाई आपण होऊन उतरते, निम्मा जोर पुरतो. जाळी तेवढी नाजूक असते, एवढाच दोष.

त्याने बारीक धाग्याचे तीन तुकडे पाठवले. ताई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या त्या दुपारी मी ते लहान चौकटींवर ताणून जुन्या काळ्या बनियनवर छापून पाहिले. सेंटीमीटरला त्रेचाळीस धागे असलेल्या जाळीने इतकी शाई ओतली की अक्षरांच्या कडांना दात फुटले. एकसष्टची अक्षरं रेखीव आली, पण पांढरा रंग दूध पाणी घालून वाढवल्यासारखा दिसला. चोपन्नची बरोबर बसली. एकदा ओढून सुकवली, पुन्हा एकदा ओढली, झालं काम. आमची नेहमीची जाळीही चोपन्नचीच, फक्त तिचा धागा जाड. चौकटीवर नंबर तोच राहणार आणि ताईंना थांगपत्ता लागणार नाही, या विचाराने मी स्वतःवरच खूश झाले. चार स्क्रीन ताणले आणि गप्प बसले.

शहाणपणा अंगाशी यायला एक दिवसही लागला नाही. तिसाव्या टी-शर्टला पुढच्या खोलीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. स्क्वीजीचा कोपरा जाळीतून आरपार गेला होता आणि टी-शर्टवर पांढऱ्या शाईचं थारोळं. ताईंनी आधी चौकटीला शिव्या घातल्या, मग पात्याची कड घासून गुळगुळीत केली. मी म्हटलं, जाळीत एखादा धागा कच्चा असेल. दुसऱ्या दिवशी अकराव्या टी-शर्टलाच दुसरा स्क्रीन गेला.

या वेळी शिव्या ऐकू आल्या नाहीत. मी जाऊन पाहिलं तर ताई स्टुलावर बसून उजव्या हाताकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशा.

"बावीस वर्षांत तीन स्क्रीन फाडले मी," त्या म्हणाल्या, "आणि दोन दिवसांत दोन. हात बिघडला माझा. कुठे किती दाबायचं ते कळेनासं झालंय."

आणि स्क्वीजी पुसून माझ्या हातात दिला. उद्यापासून तू छाप, म्हणाल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दुपारी जेवतानाही मी मूग गिळून बसले. त्यांचं ऐकून घ्यावं लागेल, या भीतीने एवढी मोठी बाई मी, पानातल्या भाताशी खेळत राहिले. जेवण झाल्यावर मागच्या खोलीत गेले, तर माझ्या फळीवर ताईंचा एप्रन घडी करून ठेवलेला. ज्या बाईने आयुष्यात एप्रनची घडी केली नाही, तिने चार कोपरे जुळवले होते. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. एप्रन उचलला आणि तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, जाळी मी बदलली. तुम्हाला न सांगता. हाताचा काही दोष नाही."

त्यांनी फाटलेला स्क्रीन आणि धागे मोजायचं भिंग मागितलं. खिडकीशी नेऊन मोजलं. पुन्हा मोजलं.

"चोपन्नच तर आहे."

"नंबर तोच आहे. धागा बारीक आहे. शाई हलक्या हाताने उतरते. तुम्ही नेहमीसारखा जोर लावलात, तो तिला सोसला नाही."

"म्हणजे हात ठीक आहे माझा."

"हात ठीक आहे," मी म्हटलं. "खांदा नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या थिनरने."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते ओठांवर येऊ दिलं नाही. मग मात्र मला चांगलंच फैलावर घेतलं. मी लबाड आहे, आतल्या गाठीची आहे, लग्नात मला पाहताच त्यांनी हे ओळखलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. ते ऐकताना मला किती बरं वाटत होतं, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

शेवटी एप्रन बांधत त्यांनी तिसरा स्क्रीन लावायला सांगितला. स्क्वीजी हातात घेतला आणि थबकल्या. हलका म्हणजे किती, विचारलं. माझी लेक लहान असताना तिची वेणी ताईच घालायच्या, कारण माझ्या हातून तिचे केस ओढले जायचे. वेणीला ठेवायचात तेवढा हात ठेवा, मी म्हटलं.

ताईंनी ओढला. चौकट उचलली, तर अक्षरं भरून आलेली, कडा स्वच्छ. टी-शर्ट हीटरखाली धरला, पुन्हा एकदा ओढला, वाळू दिला. मग त्यावरून अंगठा फिरवला. अक्षरं कापडासारखीच मऊ लागत होती.

"मग इतकी वर्षं मी एवढा जोर कशाला लावत होते?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढचा टी-शर्ट चढवला. मी दारातच उभी राहून मोजत होते. अकरावा गेला. तिसावा गेला. जाळी शाबूत होती. एकदाच त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी फसवायचं असेल तर मला सांगून फसव."

चाळिसाव्याला त्या थांबल्या. शाईच्या डब्यामागे हात घालून त्यांनी मलमाची ट्यूब काढली, अर्धी पिळून झालेली, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि कॉलर खांद्यावरून खाली ओढली.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण हलक्या हाताने."